राजाच्या पायांचं पाणी

कुणीतरी राजाचे कान भरले होते! नाहीतर खोलगट जागी वसलेल्या तळवडीचं गटार गावाच्या वरच्या अंगाला कशाला बांधलं असतं? सगळं गाव हेच बोलत होतं. नाव मात्र कुणी घेत नव्हतं. नीलकंठाला ते नाव पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्याचंच होतं.

नीलकंठ हा राजा भानुसेनाचा नवा कारभारी. काशीहून शिकून आलेला आणि सगळं राज्य पावसाळ्याच्या आत स्वच्छ करायला निघालेला. रोगराई हटवायची, तर घराघरातलं सांडपाणी गटारात गेलंच पाहिजे! राजाला ते पटलं. त्याची अट एकच: गटार महालाच्या गच्चीवरून दिसलं पाहिजे. नीलकंठानं गच्चीत बसूनच नकाशा काढला. नकाशा देखणा होता. फक्त त्यात चढउतार दाखवायचे राहिले होते.

हुकूम सुटला: सांडपाण्याचा थेंब अंगणात पडला, तर घर सरकारजमा!

पाणी काही आपणहून चढेना. मग तळवडीच्या बायका नदीवरून पाणी घरी आणायच्या आणि तेच मळलं की डोक्यावर घेऊन आणखी वर, गटारापर्यंत जायच्या. ते पाहून नीलकंठाचं मन द्रवलं. त्यानं ताबडतोब काय केलं? हुकुमाला एक कलम जोडलं! 'ज्याचं सांडपाणी त्यानंच वाहावं. माणूस कितीही मोठा असो, दुसऱ्याच्या डोक्यावर देऊ नये.' त्या दिवशी स्वतःच्या न्यायबुद्धीच्या कौतुकात तो दोन घास जास्त जेवला.

त्याच कलमानं रावजी शेतकऱ्याचं घर बुडायला आलं. रावजीचा पाय अधू. तो चढ चढणार कसा? मुलीनं, सगुणानं, त्याच्या अंघोळीचं पाणी न्यावं, तर कलम आडवं! तिनं ते पूर्वीसारखं परसातल्या केळींना सोडलं. बातमी महालात पोचली.

"माझा हुकूम मोडते? बघतोच!" म्हणत राजा स्वतः तळवडीत आला. मागे नीलकंठ, मान खाली घालून.

"हे घर आत्तापासून माझं!" राजा अंगणातूनच गरजला.

रावजीनं हात जोडले. सगुणा मात्र आत गेली आणि परात नि तांब्या घेऊन आली.

"हे काय?"

"नवे घरधनी पहिल्यांदा घरी आले. पाय धुतल्याशिवाय आत कसं घ्यायचं?"

राजा खूश झाला. पाय धुळीनं माखलेच होते. तो परातीत उभा राहिला. सगुणानं कोमट पाणी घातलं, पाय चोळून धुतले, पुसले. राजा उंबऱ्याकडे वळला.

"थांबा, महाराज! परात राहिली!"

"माझी परात?"

"घर तुमचं, पाय तुमचे, मग पाणी कुणाचं? अंगणात सांडलं, तर घर सरकारजमा होईल हो तुमचं!"

"नीलकंठा! उचल ती परात!"

नीलकंठ धावला. सगुणानं हात आडवा धरला. "कारभारीसाहेब, दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचं नाही म्हणे. माणूस कितीही मोठा असो!"

"हे कलम कुणी लिहिलं?" राजानं दरडावलं.

नीलकंठाला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण धरणीचा नकाशाही त्यानंच काढला होता. तिच्याकडून मदतीची आशा नव्हती.

"मी, महाराज," तो पुटपुटला.

"छान लिहिलंय," सगुणा म्हणाली. "फक्त कुणी करून बघितलं नव्हतं."

राजा लालबुंद झाला. "स्वतःचा हुकूम मोडणारा राजा मी नव्हे!" त्यानं परात उचलून डोक्यावर घेतली आणि तो चढणीला लागला. मागोमाग सगुणा नि नीलकंठ. चार पावलांत पाणी अंगरख्यावर आलं, आठ पावलांत पागोट्यावर. निम्म्या वाटेत तो धापा टाकत दगडावर बसला.

"सगुणे! हे पाणी वर यायला तयारच नाही!"

"आम्हीही त्याला रोज समजावतो, महाराज! तुम्ही हुकूम देऊन बघा. तुमचं ऐकेल!"

राजानं परातीतल्या पाण्याकडे डोळे वटारून पाहिलं. पाण्यानं त्याला त्याचंच वाकडं पागोटं दाखवलं. राजा खो खो हसत सुटला.

"गटार गावाच्या खाली न्या! सगुणा दाखवील तिथून! तोवर हिच्या केळींनी पोटभर प्यावं. रावजीचं घर रावजीचंच, आणि नदीकाठचं माझं शेतही आता त्याचं! नीलकंठा, गटार होईपर्यंत तुझा मुक्काम याच गावात. अंघोळ रोज करायची, आणि पाणी तुझं तूच वाहायचं!"

सगळं राज्य पावसाळ्याच्या आत स्वच्छ करायचं, असं नीलकंठानं आधी ठरवलं होतं. आता त्याला हे नवं गटार परवापर्यंत व्हायला हवं होतं.

तेवढ्यात वरून रिकामी घागर घेऊन म्हातारी गोदाआजी उतरत आली. तिला दिसायचं कमी. दगडावर बसून हसणाऱ्या, निथळत्या माणसापाशी ती क्षणभर थांबली.

"पहिलीच खेप दिसतेय," ती म्हणाली. "आत्ताच हसून घे, बाबा. संध्याकाळपर्यंत हसू पुरत नाही!"