टिटवीची पितळी मूठ

विमानांना बोलता यायचं तेव्हाची गोष्ट. टिटवी नावाच्या जुनाट, दोन माणसांच्या विमानाचा वेग वाढवायचा दांडा मोडला. वैमानिक सदोबांनी दोन नग आणले. एक ओबडधोबड दांडा, ढकलला की इंजिन गरजणार. दुसरी पितळी मूठ, स्क्रूसारखी आटे फिरवत आत न्यायची.

"टिटवीआजी, मी वेग केसाकेसाने वाढवते," मूठ म्हणाली. "हा मेला नुसता ढकलाढकली करतो!"

टिटवी भाळली. नटव्या वस्तूंना म्हाताऱ्याच आधी भुलतात, नावं मात्र तरण्यांना! मूठ बसली.

आभाळात ती गुणाची निघाली. पण उतरताना धावपट्टीवर म्हैस आडवी आली.

"वर घे! जोर दे!" टिटवी किंचाळली. सदोबा घामाघूम होऊन मूठ फिरवू लागले.

"हा तिसरा आटा, आजी. अजून एकोणीस. घाई करू नका, आटे झिजतात!"

म्हशीच्या शिंगांना चाकं घासून टिटवी पलीकडे गवतात आदळली. म्हैस रवंथ करत राहिली.

सदोबांनी मूठ काढून दांडा बसवला. मूठ रडू लागली. "आजी, मी वाईट आहे का हो?"

"छे गं! तू रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला बस. तिथे म्हैस आडवी येत नाही."