उपडं चिकटवलेलं चित्र

“आणि माझ्या चित्राचं काय होणार?” तोकुजीनं गुरुजींना विचारलं.

उत्तर त्याला ठाऊक होतं. जपानच्या एदो शहरात गेनसाईंच्या हाताखाली नटांची चित्रं काढण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. पातळ कागदावरचं चित्र चेरीच्या फळीवर उपडं चिकटवतात. कोरणारा रेघांच्या कडेनं सुरी चालवतो. फळी तयार होते, कागदाचा भुगा होतो. मग त्या फळीवरून हवी तेवढी चित्रं छापतात.

इतरांच्या नावाच्या चित्रांबाबत बारा वर्षांत त्याला हा प्रश्न पडला नव्हता. या चित्रावर मात्र प्रथमच त्याचं स्वतःचं नाव होतं.

चित्र कामेनोजो या नटाचं होतं. पन्नाशीचा, गुडघेदुखीचा हा गृहस्थ रंगभूमीवर बर्फात हरवलेल्या तरुणीचं भूत व्हायचा, आणि बघणाऱ्यांना थंडी वाजायची. नाटक अजून आठ दिवस होतं. त्यानंतर त्या चित्राला कुणी विचारलं नसतं, तोकुजीच्या नावालाही नाही.

म्हणून तोकुजीनं एक युक्ती केली होती. चित्राची नक्कल काढून ती कोरायला दिली आणि मूळ चित्र अंथरुणाखाली ठेवलं.

कोरणारा म्हातारा याहेई ती नक्कल घेऊन सरळ गेनसाईंकडे आला. कामेनोजो अजून जिवंत आहे ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

गेनसाईंनी ओळखलं आणि तोकुजीकडून मूळ चित्र मागवलं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. नक्कल कचेरीतल्या नकलेइतकी बिनचूक होती आणि तितकीच निर्जीव. मूळ चित्रात बाईची मान किंचित वळलेली होती, आणि खोलीत कुठूनतरी बर्फ पडू लागल्यासारखं वाटत होतं...

“नाटकात तो असा उभा राहतो?” गेनसाईंनी विचारलं.

“हो, गुरुजी. तीन श्वास. अगदी स्तब्ध. लोक त्याच्या घराण्याचं नाव घेऊन, दाद देत ओरडतात.”

“मग?”

“मग मान सोडतो आणि धुक्यात चालू लागतो.”

“तिथंच उभा राहिला असता तर?”

तोकुजीनं मूळ चित्राकडे पाहिलं.

“लोक उठून घरी गेले असते,” तो म्हणाला.

गेनसाईंनी खळीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

तोकुजीनं फळीवर खळ पसरली आणि मूळ चित्र उपडं ठेवलं. समोर नुसता कोरा कागद उरला. ओल्या बोटांनी तो कागदाची पाठ चोळत राहिला. कागदाचे पदर निघत गेले, आणि तळ्याच्या तळातून वर यावा तसा तो चेहरा हळूहळू वर आला... उलट्या बाजूला बघणारा.

याहेईनं सुरी लावली. तो डोळ्यांपासून सुरुवात करी; उगीच लांबण लावणं त्याला आवडत नसे.

कागदाचा पहिला तुकडा उडाला, तशी तोकुजीनं नजर वळवली.

“गुरुजी, इतक्या वर्षांत तुम्ही एकही चित्र वाचवलं नाही?”

“एक वाचवलं होतं.”

“कुणाचं?”

गेनसाईंनी फळीवरचा कागदाचा भुगा फुंकला.

“छापलेली सगळी आठवतात. तेवढं एकच आठवत नाही.”