अरण्याच्या पुण्याचे उदक

पूर्वी त्रेतायुगात, पर्वतांच्या उदरातले लोह नुकतेच मानवाच्या हाती आले होते तेव्हा, धातुमती नगरीत कृतवर्धन नावाचा महापराक्रमी राजा राज्य करीत होता. शस्त्रे आणि रथ यांच्या हव्यासापायी त्याने नगरीभोवती अहोरात्र धगधगणाऱ्या भट्ट्या उभारल्या. त्यांच्या धुराने सूर्यमंडल झाकोळले आणि सर्व प्राणिमात्रांचा प्राण जो वायुदेव, तोच खोकू लागला. तो गुदमरला तर मागे कोण उरणार, हे सांगायला पंडित कशाला हवा!

भट्ट्या विझवणे राजाच्या जिवावर आले. तो दक्षिणेच्या महारण्यात औदुंबरायण मुनींच्या आश्रमी गेला आणि हात जोडून म्हणाला, "मुनिवर, आपण राखलेल्या या वनाच्या श्वासावर त्रैलोक्य जगते! त्या रक्षणाचे पुण्य मला द्यावे, म्हणजे माझ्या धुराचे पाप फिटेल. मोबदल्यात दुभत्या गाई आश्रमास अर्पण करतो."

स्तुती कोणाला कडू लागते? मुनींनी दर्भ हाती धरून राजाच्या तळहातावर उदक सोडले आणि जन्मभराचे पुण्य देऊन टाकले. पाप फिटले म्हणून राजाने निर्धास्तपणे नव्या भट्ट्या पेटवल्या.

काही काळाने वायुदेव धापा टाकीत आश्रमाच्या दारात कोसळला.

"मुने, तू उदक सोडले नसतेस तर हे वन तुटणार होते काय?"

"छे, देवा! आम्ही ते वाडवडिलांपासून राखत आलो आहोत."

"मग त्या उदकाने एक तरी वृक्ष अधिक उगवला? धूर मात्र वाढला."

मुनींची मान खाली गेली. अंगणात रवंथ करणाऱ्या गाईंकडे त्यांना पाहवेना. ते तसेच धातुमतीस धावले आणि भर सभेत गर्जले, "राजन्, माझे पुण्य परत दे आणि या भट्ट्या विझव!"

"दिलेले दान परत मागू नये, असे आपलेच शास्त्र सांगते ना?" राजा नम्रपणे म्हणाला.

मुनींनी कमंडलूतले जल ओंजळीत घेतले. "लोभांधा, तुझ्या भट्ट्यांसह तू भस्म हो!"

जल राजाच्या पायाशी पडले. फरशी ओली झाली, एवढेच. शाप ज्या पुण्याच्या बळावर फळतो, ते आता राजाच्याच पदरी होते.

मुनी परतले तेव्हा वायुदेवाने क्षीण स्वरात विचारले, "शाप दिलास?"

"दिला," मुनी जमिनीकडे पाहत म्हणाले. "लागला नाही. लागण्याजोगे जे होते ते मी गाईंसाठी विकून बसलो, देवा. मला लाज वाटते."

वायुदेव नुसता खोकला. आणि तेव्हापासून या भूमंडलावर ऋषींचे शाप राजांना लागेनासे झाले.