वाळलेलं घोसाळं

एकदा एक वृद्ध गुरू वीज न पोचलेल्या एका डोंगरपाड्यावर राहत असे. मातीत भाताचं तूस कालवून तो मडकी भाजायचा. भट्टीत तूस जळून जाई, मागे सूक्ष्म छिद्रं उरत आणि ओढ्याचं गढूळ पाणी त्यांतून स्वच्छ होऊन ठिबके. मडकं उत्तमच होतं. पण पाड्यावरच्या बायका प्रत्येक भांडं राखेने घासत. राख छिद्रांत बसे आणि महिन्याभरात ठिबकणं थांबे. तीस वर्षं तो एकच सांगत राहिला, "राख लावू नका." तीस वर्षं त्याच्या मडक्यांत कोंबड्या अंडी घालत राहिल्या. चूक बायकांची, हे त्याने ठरवून टाकलं होतं. मोठ्या माणसांना ते ठरवायला वेळ लागत नाही.

त्याच्याकडे कॉलेज अर्धवट सोडून आलेली एक शिष्या होती. तिने कुणाला काही सांगितलं नाही. दोन महिने बायकांसोबत बसून भांडी घासली. मग स्वतः भाजलेल्या प्रत्येक मडक्याच्या काठाला तिने कुंपणावरचं एक वाळलेलं घोसाळं बांधलं. घासायला बसलं की हात आपसूक त्याकडेच जाई. राख सुटली. मडकी ठिबकत राहिली.

बायका गुरूला मानाने खुर्ची देत आणि शिष्येला आपल्यातलीच मानून चुलीपाशी बसवत. गुरूला हे रोज दिसे, आणि रोज खुपे.

पावसाळ्याआधी चाळीस पाड्यांसाठी मडकं निवडायला एका संस्थेची माणसं आली. शब्द गुरूचा चालणार होता. त्याने शिष्येचं मडकं उचललं, क्षणभर पाहिलं आणि खाली ठेवलं.

"तडा आहे. चालणार नाही."

पुढे आली ती पाड्यावरची देवली. तिची नात गेल्या पावसात जुलाबांनी मरता मरता वाचली होती.

"गुरुजी, बाजारात मडकं आम्ही वाजवल्याबिगर घेत नाय. तुम्ही तर हातसुद्धा मारला नाय!" तिने टिचकी मारली. ठण्ण. "तडा गेलेलं बद्द वाजतं. का आमचं कानच फुटलं?"

बायका फिसकन हसल्या. गुरूने मान खाली घातली.

"तडा नाही," तो शिष्येला म्हणाला. "मी खोटं बोललो. पोरी, मी यांना तीस वर्षं शिकवलं, पण यांचे हात कधी पाहिले नाहीत. तू दोन महिन्यांत पाहिलेस आणि मी जळलो. इतका जळलो, की देवलीच्या नातीसारखी चाळीस पाड्यांवरची पोरं यंदा गढूळ पाणी प्याली असती, तरी मला चाललं असतं." मग तो पाहुण्यांकडे वळला. "हिचंच मडकं घ्या."

शिष्येने त्याला माफ केलं, असं मी सांगणार नाही. तिने मडक्याच्या काठाचं घोसाळं सोडून त्याच्यासमोर ठेवलं, एवढंच. त्याने कोंबडी हुसकावून आपलं जुनं मडकं आणलं आणि अंगणात बसून घासायला घेतलं. मग त्यात ओढ्याचं पाणी ओतलं. दिवस कलताना त्यातून पहिला थेंब पडला.

हाताखालच्या माणसाचं काम नापास करण्याआधी आपण ते वाजवून पाहिलंय का, एवढं तरी विचारावं.