मागायचं ते राजाकडेच!

"आजपासून माझ्या संस्थानात कुणी देवाकडे काही मागायचं नाही. मागायचं ते माझ्याकडे!"

हिवरखिंडीच्या हैबतराजांनी हुकूम सोडला आणि मिशांवरून हात फिरवला. समोर उभे होते ख्रिस्ती मंडळीचे म्हातारे पाळक शांतवनबाबा आणि राजबागेला पाणी घालणारी सलोमी. झालं होतं असं, की रविवारी महाराजांची पालखी प्रार्थनामंदिरावरून गेली, तेव्हा आत मंडळी देवाकडे पाऊस मागत होती. राजा धडधाकट असताना दुसऱ्यापुढे हात पसरायचे! महाराजांना अन्न गोड लागलं नाही. म्हणजे एक पुरणपोळी कमी गेली.

"तुमचं शास्त्रच सांगतं ना, राजाचा हुकूम पाळा म्हणून?"

"सांगतं, महाराज," शांतवनबाबा म्हणाले.

"मग पाळा! पाळलात तर प्रार्थना बंद. नाही पाळलात तर तुम्हीच तुमचं शास्त्र मोडलं, आणि मी तुमच्या मंदिरात घोडे बांधले. बोला!"

बाबांनी कपाळाला हात लावला. सलोमी मात्र पदर सावरून वाकली.

"हुकूम शिरसावंद्य, महाराज! रविवारी सारं आपल्याकडेच मागू."

बाहेर येताच बाबा कळवळले, "अगं पोरी, काय करून बसलीस? देवाला सोडायचं?"

"देवाला कोण सोडतंय, बाबा? राजाला मान द्या, असं तुम्हीच शिकवता ना? मग पोटभर देऊ! फक्त मंडळीला निरोप धाडा. रविवारी मंदिरात नाही, राजवाड्यावर जमायचं."

रविवारी महाराज दात घासत होते, तोच चौक माणसांनी भरला. महाराज खूश झाले. लगबगीने गादीवर येऊन बसले.

पहिली पुढे आली मार्थाआजी. "गुडघे धरलेत, राजा. बरे कर."

"वैद्याला दाखवा!"

"दाखवले की! तो म्हणाला, माझे हात टेकले, आता वर मागा. वर म्हणजे हल्ली तूच ना?"

महाराज खोकले. "पुढचा!"

पुढे एलिया सुतार. "महाराज, माझ्या बायकोनं माझ्याशी अबोला धरलाय. तिचं मन वळवा."

महाराजांनी चिकाच्या पडद्याकडे चोरून पाहिलं. पडद्यामागे राणीसाहेब होत्या, आणि त्याही गेल्या सणापासून महाराजांशी बोलत नव्हत्या. "पुढचा, पुढचा!"

शांतवनबाबा छत्रीच घेऊन आले होते. "पाऊस द्यावा, महाराज. फार नको, पेरणीपुरता."

महाराजांनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ काही मुजऱ्याला वाकलं नाही.

रांग संपेना. महाराजांची न्याहारी निवली, मग चहा निवला. अखेर सलोमी हात जोडून पुढे झाली.

"आता तुझं काय?" महाराज करवादले.

"माझं नाही, महाराज. सगळ्या मंडळीचं आहे. राज्यकर्त्यांसाठी मागा, अशी आम्हाला शास्त्राची आज्ञा आहे. म्हणून दर रविवारी आम्ही मागतो, 'राजाला सुबुद्धी दे.' हुकमाप्रमाणे तेही आता आपल्याकडेच. द्यावी!"

"कुणाला?"

"आपल्यालाच, महाराज."

चोपदाराने काठी सावरली. महाराज मात्र ताठ बसले.

"एवढंच? दिली! मी मला सुबुद्धी दिली!"

"उपकार झाले, महाराज. फक्त मंडळीला एवढं कळू द्या, की हा हुकूम काढायच्या आधीच दिली होती, की आत्ता दिलीत?"

महाराजांनी तोंड उघडलं आणि मिटलं. 'आधी' म्हणावं, तर हुकूमच उलट साक्ष देतो. 'आत्ता' म्हणावं, तर हुकूम सुबुद्धीविनाच काढला हे उघडं पडतं! पडद्यामागून राणीसाहेबांचं हसू फुटलं, आणि त्या हसल्याचं ऐकताच महाराजही पोट धरून हसू लागले.

"हरलो, पोरी! हुकूम रद्द! जा, मागा तुमच्या देवाकडे. माझ्या हुकमाला तू पाठ दाखवली नाहीस, आणि मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

महाराजांनी सलोमीला जरीचं लुगडं दिलं, राजबागेची मुखत्यारी दिली आणि मंदिराला पितळेची मोठी घंटा दिली. मंडळी निघाली, तेव्हा त्यांनी सलोमीला हळूच मागे बोलावलं.

"ते माझ्यासाठीचं मागणं मात्र बंद करू नका हं. उलट, जरा जोर लावा."

"काळजी नसावी, महाराज," सलोमी वाकून म्हणाली. "ते आम्ही आधीपासूनच दोनदा म्हणतो."