तीन श्री

नदीकाठच्या एका गावात हातमागावर लुगडी विणणाऱ्यांची एक संस्था होती. लुगड्याचे नकाशे पूर्वी चौकटीच्या कागदावर काढत. पुढे ते संगणकात ठेवू लागले. काठांचे नकाशे भुजंगरावांच्या संगणकात असत, पदरांचे चंद्राक्कांच्या आणि मधल्या बुट्ट्यांचे शालनच्या. तिघेही दर शनिवारी आपल्या कामाची जादा प्रत आपापल्या डिस्कवर घेत. प्रत्येकाचे नाव वेगळे, पासवर्डही वेगळा.

एकदा भुजंगराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तालुक्याला गेले आणि त्याच आठवड्यात त्यांचा संगणक कायमचा बंद पडला. डिस्कवर सगळे काठ होते, पण ती उघडेना. फोन करून पासवर्ड विचारला, तर भुजंगरावांनी तीनदा तीन वेगळे शब्द सांगितले. शेवटी म्हणाले, तो माझ्या बोटांना आठवतो, तोंडाला नाही. ते परत येईपर्यंत नऊ दिवस माग थांबले.

तेव्हा तिघांनी ठरवले, की सगळ्या डिस्का एकाच मोठ्या साठ्यात रिकाम्या करायच्या आणि त्या साठ्याला एकच नाव, एकच पासवर्ड द्यायचा. पण नाव कोणाचे? भुजंगराव वयाने मोठे, त्यांना आपले नाव असावेसे वाटत होते. चंद्राक्का म्हणाल्या, "काठाचं नाव दिलं तर पदर रुसेल, आणि पदराचं दिलं तर तुम्ही." शालनने 'माग' हे नाव सुचवले. मागावर सगळ्यांचेच धागे एकत्र येतात, म्हणून ते तिघांनाही पटले.

काम शालनकडे आले. ती हौशी होती, हाताने चपळ होती. पहिल्या शनिवारी तिने भुजंगरावांची डिस्क साठ्यात उतरवली, दुसऱ्या शनिवारी चंद्राक्कांची आणि तिसऱ्या शनिवारी स्वतःची. मध्येच संगणकाने विचारले, 'श्री या नावाचे फोल्डर आधीच आहे. त्याच्या जागी हे ठेवू का?' शालनला वाटले, श्री म्हणजे श्री, त्यात वेगळे काय असणार? तिने दोन्ही वेळा 'हो' केले. मग भुजंगरावांची जुनी डिस्क पुसून दुसऱ्या कामासाठी मोकळी केली.

पुढे चार दिवसांनी तिने सहज ते फोल्डर उघडले. आत फक्त तिच्याच बुट्ट्या होत्या. तेव्हा काय झाले ते तिच्या लक्षात आले. कोऱ्या कागदावर सर्वांत आधी श्री लिहायचे, हे तिघांनाही लहानपणापासूनचे वळण. संगणक घरी आला तेव्हा तिघांनीही पहिल्या फोल्डरला न विचारता तेच नाव दिले होते. पहिल्यावर दुसरा बसला होता आणि दुसऱ्यावर तिसरा.

चंद्राक्कांचे पदर त्यांच्या संगणकात अजून होते. ते पुन्हा घेता आले असते. पण भुजंगरावांचा संगणक बंद पडलेला होता आणि डिस्क तिनेच पुसली होती. त्यांच्या श्रीमध्ये एकच नकाशा होता, कारळफुलीचा काठ. तो त्यांच्या बायकोने, कृष्णाबाईंनी काढला होता. मूळ कागद वाळवीने खाल्ला. त्या काठाचे शेवटचे लुगडे कृष्णाबाईंच्याच अंगावर त्यांच्याबरोबर गेले. आता तो काठ जगात कुठेच नव्हता.

श्रीचे फोल्डर वर्षातून एकदाच उघडत, खंडेनवमीला. त्या दिवशी मागाची, धोट्याची आणि आता संगणकाचीही पूजा होई. खंडेनवमीला अजून अकरा दिवस होते. तोवर गप्प राहिले असते, तर नवा साठाच बिघडला असे सहज म्हणता आले असते. संगणकावर कोणी रागावत नाही. शिवाय शेवटी तिच्याच बुट्ट्या शिल्लक राहिल्या होत्या. लोक काय म्हणतील, हे तिला न सांगता कळत होते.

दोन दिवस तिला जेवण गेले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती भुजंगरावांच्या घरी गेली. चंद्राक्का तिथेच सूत उकलत बसल्या होत्या. शालनने उभ्या उभ्याच सगळे सांगितले आणि म्हणाली, "काका, काठ माझ्या हातून गेला. संगणकाने विचारलं होतं, मीच वाचलं नाही."

डोळ्यांना पाणी लावू नका असे डॉक्टरांनी बजावले होते, म्हणून भुजंगरावांनी मान वर करून छताकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "साठ्याचं नाव एक केलंय ना आपण? मग चूकही त्याच नावावर लिही. एकट्या शालनच्या नाही."

चंद्राक्का सूत बाजूला ठेवून उठल्या. या बाई प्रत्येक वस्तू दोनदोन ठेवत. त्यांच्या घरी चाळण्या दोन, कुलपे दोन, पापडांचे डबेही दोन, आणि गाव त्यावरून त्यांची थट्टा करी. त्या घरी गेल्या आणि पापडांचा दुसरा डबा घेऊन आल्या. पापडांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली एक छोटी डिस्क होती.

त्या म्हणाल्या, "माझे पदर साठ्यात जायच्या आधी, आत जे होतं त्याची एक प्रत मी घेतली होती. काही बिघडलं तर आक्काच्या पदरांनी बिघडलं, असं कुणी म्हणायला नको. नाव आणि पासवर्ड सगळ्यांचाच, म्हणून कुणाला विचारावं लागलं नाही. आणि सांगितलं असतं, तर तुम्ही हसला असता."

डिस्क जोडली. 'माग' लिहून पासवर्ड टाकताच ती उघडली. आत श्री होते आणि श्रीमध्ये कारळफुलीचा काठ होता, एकही चौकट न हललेला. भुजंगरावांनी पडद्यावरच्या त्या फुलांवरून बोट फिरवले. शालनने पदर तोंडाला लावला.

मग चंद्राक्का म्हणाल्या, "शालन, बरं झालं आज बोललीस. खंडेनवमीला, चांगल्या दिवशी, मी याच डिस्कवर नवी प्रत घेणार होते. जुनी पुसून."

शालनने लगेच तो काठ साठ्यात उतरवून घेतला.

तिघांनी मग साठा नीट लावला. श्री कोणी सोडला नाही. पण लग्नपत्रिकेत वर श्री असतो आणि खाली घरच्यांची नावे असतात, तसे प्रत्येकाने श्रीच्या पुढे आपले नाव लिहिले. भुजंगरावांनी मात्र स्वतःचे न लिहिता 'श्री कृष्णाबाई' असे लिहिले.

खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू वाहायचा मान दरवर्षी भुजंगरावांचा असे. त्या वर्षी त्यांनी करंडा शालनच्या हातात दिला. तिने पहिले बोट संगणकाला लावले आणि दुसरे चंद्राक्कांच्या पापडाच्या डब्याला. त्या दिवशी त्या डब्यावर कोणी हसले नाही. दुपारी मागावर नवा ताणा चढला, कारळफुलीच्या काठाचा.

तात्पर्य: अनेकांचा ठेवा एका नावाखाली आणताना प्रत्येकाची खूण जपावी, आणि आपल्या हातून चूक झालीच, तर ती वेळेवर सांगावी, कारण ती सावरणारी वस्तू दुसऱ्या कोणाच्या तरी डब्यात असू शकते.