हद्दीला फुटले पाय

"उत्तरेच्या बर्फाळ मुलखाचे आजपासून बारा प्रांत होऽऽ! परवान्याशिवाय कुणी हद्द ओलांडायची नाही होऽऽ!"

दवंडी ऐकून रेनडिअर पाळणाऱ्या आइलानं कपाळाला हात लावला. थोरल्या महाराजांनी मुलखाचे दोन प्रांत केले होते, त्यांच्या मुलानं पाच. आता नातू हाल्वार महाराजांना बारा हवे होते! वस्ती मूठभर, सुभेदार नेमावे तर प्रजा पुरेना. आणि आइलाचे रेनडिअर हिवाळ्यात रानात चरायचे, उन्हाळ्यात समुद्रकाठी. हद्दीहद्दीवर परवान्याची वाट बघत बसली, तर कळप उपाशी मरायचा!

ती तडक दरबारात गेली. "महाराज, जनावरांना कुठली कळायची हो हद्द?"

"माणसांना तरी कुठं कळते? आमचे हद्दीचे खांब तुमचा बर्फच गिळतो!" महाराज खेकसले. "बर्फात बुडणार नाही, काळोखातही कळेल, अशी हद्द आखून दाखव. मागशील ते देईन. नाही जमलं, तर कळप जागचा हलणार नाही!"

सुभेदार मिशीत हसले. हिवाळाभर तिकडे सूर्य उगवत नाही. हद्द कळणार कशी?

आइला रडकुंडीला येऊन घरी निघाली. वाटेत वादळानं गाठलं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. तेवढ्यात लांबून तिच्या कळपाच्या घंटा वाजल्या. ती थबकली आणि खुदकन हसली.

"महाराज," तिनं निरोप धाडला, "हद्द तयार आहे. बघायला नको, ऐकायला या!"

महाराज लवाजम्यासकट आले. काळोखात खांब शोधताना एक सुभेदार कमरेएवढ्या बर्फात रुतला.

"कुठाय तुझी हद्द?"

किण किण... किण किण...

"ही काय! जिथवर घंटा ऐकू येते, तिथवर माझा प्रांत. शेजाऱ्याच्या कळपाची वेगळ्या नादाची घंटा ऐकू आली, की त्याचा."

"अगं, पण ही हद्द तर चालतेय!"

"तुमच्या घराण्यात ती कधी थांबली होती, महाराज? आजवर गादीबरोबर हलायची, आता चाऱ्याबरोबर हलेल!"

सुभेदारांनी तिच्यावर डोळे वटारले. महाराज मात्र असे खदखदून हसले, की दाढीतला बर्फ झडला!

"ज्याचा कळप, त्याचा प्रांत! परवाने बंद! आणि या प्रांताची सुभेदार तू. चल, तंबूत बसून सनद घे."

आइला केव्हाच घसरगाडीत चढली होती.

"सनद मागाहून पाठवा, महाराज! माझा प्रांत निघाला पुढं!"